हौशी, नवसू आणि झुलू मुलखाची पाखरं

हौशीच्या पाचवीला हसूच पुजलेलं होतं. तिची आई रामी असं म्हणायची आणि म्हणताना कपाळाला हात लावायची. पोर चांगली धडधाकट, कामाला वाघ. नाचणी लावावी तर हौशीनं, मोहाच्या झाडाखाली पहाटे सगळ्यांच्या आधी पोचावं तर हौशीनं. पण एकदा का हसू फुटलं, की हातातलं काम खाली आणि पोर भुईला. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पोटात त्यांचा पाडा होता. हौशीचं हसणं सुरू झालं की समोरच्या टेकाडावरचे गुराखी एकमेकांना म्हणायचे, "मंगळूच्या घरी कायतरी सांडलं."

मंगळू म्हणजे तिचा बाप. त्याच्या घरी एकदा हौशीला बघायला पाहुणे आले. मुलाचा मामा आंबील पिता पिता असा काही शिंकला, की डोक्याचं फडकं सुटून वाडग्यात पडलं. घरातल्या शहाण्या माणसांनी माना खाली घातल्या. हौशीनं मात्र त्या फडक्याकडे बघितलं. ते आंबलीत हळूहळू बुडत होतं. झालं! तिनं आधी खांबाला मिठी मारली, मग कुडामागे पळाली, आणि कूडच्या कूड हलायला लागला. पाहुणे उठून गेले. "ही बाई मयतीला नेण्याजोगी नाही," असं मामा वाटेत म्हणाला म्हणे. रामीनं आठवडाभर लेकीशी अबोला धरला, आणि तो अबोला बघूनही हौशीला हसू यायचं.

पुढच्या वैशाखात ती करवंदांची पाटी घेऊन जव्हारच्या बाजाराला गेली. जव्हारला तेव्हा राजाची राजवट होती. बाजाराला लागूनच संस्थानची पागा होती, भिंत छातीएवढी, पलीकडे घोडे. हौशीनं भिंतीच्या सावलीत पाटी मांडली, पानांचे द्रोण लावले, आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.

तोच भिंतीपलीकडून आवाज आला.

"हुं… हुं… हुंहुं."

रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी कण्हावं तसा खोल आवाज. मिठाच्या दुकानापुढचं कुत्रं शेपूट पोटात घालून निघालं ते सरळ तळ्याकडे. "वाघरू हाय!" असं एक म्हातारी ओरडली आणि टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली, जणू वाघ टोपलीच न्यायला आला होता.

हौशीनं पाटी उचलून भिंतीवर ठेवली आणि पलीकडे डोकावलं. आत घोड्यांची चाकरी करणारा एक उंच, हडकुळा मोतद्दार उभा होता. एका हातात पाण्याची बादली, हनुवटी छातीत खुपसलेली, आणि गळा बेडकासारखा फुगलेला. "हुं… हुं… हुंहुं," तो घुमला. मग हनुवटी थोडी वर उचलून, जरा बारीक आवाजात त्यानं स्वतःलाच उत्तर दिलं. पुन्हा हनुवटी खाली, पुन्हा उत्तर. त्याच्यामागे एक पांढरा घोडा, कान टवकारून, एखाद्या भजनाला बसावं तसा ऐकत होता.

घोड्याचं ते तोंड हौशीनं बघितलं आणि तिचा बांध फुटला. ती भिंतीवर अशी आडवी झाली, की पाटी कलंडली आणि करवंदं टपटप पागेत पडली. घोड्यानं भजन सोडलं आणि प्रसाद घेतला.

"ये बाय!" मोतद्दार ओरडला. "घोडा सरकारी हाय. पोट बिघडलं तर मी मरंन!"

"आणि माझी करवंदं?" हसता हसता हौशीनं कसंबसं विचारलं. "ती कुणाची, सरकारची? आणि तू काय रेडा गिळलास का?"

"रेडा नाय. पाखरू हाय ते."

"एवढं मोठं बोलतं ते पाखरू? खातं काय, दगड?"

मोतद्दाराला राग यायचा तो आला नाही. तो भिंतीपाशी आला. आजवर त्याला लोकांनी वेडा म्हटलं होतं, भुतानं झपाटलेला म्हटलं होतं. पाखरू खातं काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याचं नाव नवसू. मूळचा सूर्यमाळकडचा. पोरवयात कामाच्या शोधात मुंबईला उतरला, घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या तबेल्यात लागला, आणि तिथून एक दिवस घोड्यांबरोबर बोटीत चढला. समुद्राच्या पार, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, नाताळ नावाच्या मुलखात इंग्रजांची बोअर लोकांशी लढाई लागली होती. तिथं घोडे हवे होते, आणि घोड्यांना चारा-पाणी करणारी माणसं हवी होती. लढाई नवसूनं फार पाहिली नाही. तोफा ऐकल्या, आणि तोफा थांबल्या की पाखरं ऐकली. तुगेला नावाच्या नदीकाठी छावणी होती. तिथं बैलगाड्या हाकणारा सिफो नावाचा एक झुलू गडी त्याचा जिवलग झाला. झुलू म्हणजे त्या मुलखातली मूळची माणसं. दोघांना एकमेकांची भाषा येईना. मग सिफो झाडावर बोट दाखवायचा, पाखराचा आवाज काढायचा, आणि नवसू तो आवाज परत करायचा. त्यांचं बोलणं असं सुरू झालं. लढाई सरली, नवसू परत आला, पागेत लागला. बरोबर आणलं काय, तर एक घोंगडी आणि गळ्यात मावतील तेवढी पाखरं.

"आपला धनेश बघितलास ना?" नवसू हौशीला म्हणाला. "त्याचा हा थोरला भाऊ. काळा कुळकुळीत, गळ्याला लाल पिशवी. पण उडायचा आळस. जमिनीवरून असा चालतो." त्यानं बादली ठेवली, हात पाठीमागे बांधले, आणि एखादा कारकून सकाळी कचेरीत जातो तसा दोन-चार पावलं टाकत गेला. "नवरा-बायकोचं भांडण असतं ते. सिफोनं सांगितलं. बायको म्हणते, जाते मी जाते, माहेरी जाते. आणि नवरा म्हणतो, जा की जा, कधीची म्हणतेस!"

हौशीनं भिंतीवर कोपरं टेकली. "मंग? जाते का ती?"

"कठं जाते! दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं, की पुन्हा तेच."

यावर हौशी जी हसली, ती भिंतीमागे दिसेनाशी झाली. नवसूला वाटलं, पडली. त्यानं डोकावून बघितलं तर ती रिकाम्या पाटीशेजारी बसून डोळे पुसत होती. "बायकोचं कसं म्हणायचं," ती म्हणाली, "ते पुन्हा एकदा म्हण."

त्यानं म्हणून दाखवलं.

त्या बाजारानंतर हौशीला जव्हारात दर खेपेला काहीतरी काम निघू लागलं. कधी चिंच विकायची, कधी मीठ संपलेलं असायचं. मीठ भरपूर असायचं. भिंतीपाशी नवसू तिला एकेक पाखरू द्यायचा. हादेदा नावाचं लांब चोचीचं पाखरू, जे पहाटे घरावरून जाताना असं केकाटतं की मेलेला माणूस चिडून उठावा: "हा! हा! हा-दे-दा!" नदीवरचा मासेमार गरुड, जो मान पाठीला टेकवून ओरडतो. आणि एक कोकिळेच्या जातीतलं, तीनच सूर उतरत येणारं: "टी… टी… टूऽ."

"हे ऐकून मी रडलो होतो," नवसूनं त्या तीन सुरांबद्दल सांगितलं. "तिथं दिवाळीच्या सुमाराला पाऊस लागतो. सगळंच उलटं. एका सकाळी हे ओरडायला लागलं. सिफोला विचारलं, काय म्हणतं? त्यानं खांद्यावर कुदळ घेतल्याचं सोंग केलं. म्हणे, उचला कुदळी, लागा कामाला! मी म्हटलं, अरे, हा तर आमचा पावशा. आमच्याकडे पेरते व्हा म्हणतो, तो हाच. मी रडतोय, आणि सिफोला वाटलं, याला काम सांगितलं म्हणून रडतोय."

हौशीला हसूही आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. तिनं ओंजळभर चिंच भिंतीवर ठेवली आणि मीठ न घेताच घरी गेली.

घरी गेल्यावर मात्र तिनं घोळ घातला. धनेशाच्या थोरल्या भावाची बायको तिला नीट जमेना. आवाज छातीतून काढायचा तर निघायचा नाकातून. पाड्यात सराव करायची सोय नव्हती, म्हणून ती दिवस कलायला लाकडाच्या निमित्तानं वरच्या कातळावर जायची, मूठ तोंडापुढे धरायची आणि दरीत घुमायची; मधेच पावशाचे ते तीन सूरही घालून बघायची. पहिले दिवस कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग एकदा आवाज बरोबर बसला. दरीनं तो उचलला, पलीकडच्या कड्यानं परत फेकला, आणि पाड्यातल्या माणसांची पाचावर धारण बसली.

"डोंगर कण्हतोय!" असं कुणीतरी म्हणालं. लहान्या नावाचा शेजारी छातीठोकपणे म्हणाला, की हे अस्वल आहे आणि तेही आजारी. मंगळूनं कोयता घेतला, लहान्यानं ढोल घेतला, बाकीच्यांनी हाताला लागेल ते घेतलं, आणि सगळा पाडा ढोल बडवत कातळावर चढला. वर बघतात तर हौशी उकिडवी बसलेली, मूठ तोंडाशी, डोळे मिटलेले, आणि एवढ्या तन्मयतेनं "जाते मी जाते" करत होती की ढोलसुद्धा तिच्या कानात शिरला नाही.

"हौशे!" मंगळू ओरडला.

तिनं डोळे उघडले. समोर बाप कोयता उगारून, लहान्या ढोलामागे लपून, आणि रामी हातात उलथनं घेऊन. पुढचं सांगायला नको. ती कातळावर लोळली. आधी दोन पोरी हसल्या, मग त्यांच्या आया, मग ढोलामागून लहान्या. रामी तेवढी हसली नाही.

"कुणी शिकवलं हे?" तिनं विचारलं.

"पागेतल्या घोडेवाल्यानं."

मंगळू दुसऱ्या दिवशी तावातावानं जव्हारला निघाला. घोडेवाल्याला काय काय ऐकवायचं, हे तो वाटभर स्वतःशी म्हणत गेला. पागेच्या दाराशी त्यानं नवसूला गाठलं आणि दम भरला, "माझ्या पोरीला कसले आवाज शिकवतोस रे? पाडा जागेवर राहिला नाय!"

नवसूनं हात जोडले. "चुकलं, मामा. तिला मी मधवालं पाखरू शिकवायला हवं होतं. त्याचा आवाज लहान हाय."

मंगळूचा हात हवेतच राहिला. मंगळू मध काढणारा माणूस. आयुष्यभर कड्यांवर लोंबकळला होता, गांधीलमाशा आणि मधमाशा यांनी त्याच्या अंगावर जागा ठेवली नव्हती. "मधवालं म्हणजे?"

"तिकडं असतं. माणूस दिसला की त्याच्यापुढं येऊन कलकल करतं. शेंगेतल्या सुक्या बिया हलवाव्यात तसं. मग या झाडावरून त्या झाडावर उडत नेतं, नेतं, आणि पोळ्यापाशी नेऊन गप्प बसतं. माणसानं मध काढायचा आणि मेणाचा तुकडा त्याला ठेवायचा."

"पाखरू… मध दाखवतं?"

"बोट धरून नेल्यासारखं."

मंगळू पागेतल्या गवतावर बसला. पाखरू केवढं, रंग कसा, दिवसाच्या कुठल्या वेळी येतं, मेण जास्त घेतं का कमी, माणसाला फसवतं का, सगळं विचारून झालं. आवाज त्यानं पुन्हा पुन्हा काढायला लावला. दुपार कलली. नवसूनं भाकरी काढली, दोघांनी खाल्ली. उन्हं उतरल्यावर मंगळूला आठवलं, की आपण भांडायला आलो होतो; पण एव्हाना राग उतरला होता.

घरी रामी वाट बघत होती. "दिलास ना दम?"

"पोरगा चांगला हाय," मंगळू म्हणाला, आणि घोंगडी ओढून निजला.

लग्न ठरलं ते असं. रामीनं पुष्कळ आदळआपट केली. एक येडं घरात होतंच, आता दुसरं आणायचं, मग चूल कुणी पेटवायची? पण पोरगी हसत होती आणि बाप झोपेतही शेंगेतल्या बियांसारखा कलकलत होता, तेव्हा तिनं एकच अट घातली: लग्न लागेपर्यंत कुणाच्याही तोंडून पाखरू निघता कामा नये. नवसूनं मारुतीच्या पायावर हात ठेवून कबूल केलं.

पुढच्या वर्षी वैशाखात मांडव पडला. लग्न लावायला बुधी नावाची धवलेरी आली. आमच्याकडे लग्न लावणारी ही बाईच असते. ती गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. बुधी मोठी करारी. तिच्या गाण्यात कुणी खोकलेलंही तिला खपत नसे. नवरा-नवरी समोर बसली. नवसूनं ओठ एवढे आवळले होते, की लोक म्हणाले, पोरगा लाजाळू दिसतो. हौशीनं खाली मान घालून दातांत पदर धरला होता. गाणं रंगात आलं. बुधीनं एक कडवं संपवलं, दुसऱ्यासाठी श्वास घेतला, आणि त्या शांततेत मांडवावरच्या आंब्यावरून खराखुरा पावशा ओरडला: "पेरते व्हा! पेरते व्हा!"

नवसूच्या गळ्यातून, त्याला न विचारताच, तीन सूर उतरले. "टी… टी… टूऽ."

पावशा क्षणभर थबकला. मग वरच्या पट्टीत ओरडला. नवसूनं तोंडावर हात दाबला, पण तोवर हौशीचा पदर दातांतून सुटला होता. ती हसली, करवल्या हसल्या, ढोलवाला हसता हसता ढोलावर पडला आणि ढोल धुमकन वाजला. पावशाला वाटलं असावं, आपलाच मान चाललाय, तो थांबेचना. सगळ्यांनी बुधीकडे बघितलं. बुधीचे गाल थरथरत होते. तिनं ते आवरायचा पुष्कळ प्रयत्न केला, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती करारी बाई मांडवाच्या मेढीला धरून खदखदा हसली. नंतर डोळे पुसून म्हणाली, "लागलं लग्न. उरलेलं पाखरानं म्हटलंय."

रामी म्हणाली, "अट मोडली." पण तिचंही तोंड सरळ राहिलं नव्हतं.

पागेमागच्या खोपटात त्यांचा संसार सुरू झाला. सकाळी उठल्यावर हौशी चुलीपाशी "जाते मी जाते" घुमायची आणि घोड्यांना दाणा घालता घालता नवसू "जा की जा, कधीची म्हणतेस" म्हणायचा. घोडेही त्या वेळेला खिंकाळायला लागले. पाणवठ्यावर बायकांनी हौशीला अर्थ विचारला, आणि बघता बघता ते पाखरू घराघरात शिरलं. तेल्याची बायको नवऱ्यावर रुसली की नुसतं "हुं… हुं" करायची. एका कारकुनाच्या घरातून म्हणे सकाळ-संध्याकाळ तो आवाज यायचा, आणि कारकुनाचा नव्हे, त्याच्या सासूचा. जव्हारचे नवरे पागेवरून जाताना नवसूकडे डोळे वटारून बघत.

मग एकदा कोंबडीवरून गोष्ट खरीच बिनसली.

हौशीनं माहेराहून एक तांबडी कोंबडी आणली होती. ती खुडूक झाली, म्हणून तिला अंड्यांवर बसवलं होतं. हौशीचा त्या कोंबडीवर फार जीव. रोज पोटाखाली हात घालून अंडी कानाला लावायची. आणि त्या दिवशी नवसूला, कुणास ठाऊक काय सुचलं, खोपटाच्या दारात उभं राहून मान पाठीला टेकवून मासेमार गरुड ओरडायचं सुचलं. कोंबडीनं जन्मात गरुड ऐकला नव्हता. पण कोंबडीच ती, तिला तो जन्माआधीपासून माहीत होता. ती उडाली ती आढ्याला आपटली, तिथून चुलीवर, तिथून नवसूच्या खांद्यावरून बाहेर. टोपलं लाथाडलं गेलं. अंड्यांचं होत्याचं नव्हतं झालं.

हौशी पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. बलक तिच्या पायापर्यंत आला होता.

"मी जाते," ती म्हणाली. "माहेरी जाते."

नवसूनं तिच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं. त्याला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. त्यानं हनुवटी छातीत खुपसली आणि घुमला, "जा की जा, कधीची म्हणतेस!"

हौशीनं हंडा खाली ठेवला आणि निघाली. नवसू अजून पुढचं उत्तर ऐकायला थांबला होता. उत्तर आलं नाही. रस्त्यावर बघितलं तर तिच्या लुगड्याचा पदर गावाबाहेरच्या शिरपामाळाच्या वळणावर दिसेनासा होत होता.

माहेरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. रामीनं ओळखलं, कारण घरात हसू नव्हतं. लहान्या दारात आला, उंबऱ्याला ठेचकाळून तोंडावर पडला, आणि हौशीनं त्याला नुसतं उठवून बसवलं. तेव्हा रामी खरी घाबरली. एरवी जिच्या हसण्यानं जीव नकोसा व्हायचा, तिच्या गप्प बसण्यानं रामीला जेवण जाईना. "हस की गे जरा," ती म्हणाली. "मी पडू का उंबऱ्यावर?"

इकडे नवसूनं तग धरला, पण कसला! घोडे रोज सकाळी कान टवकारून वाट बघायचे, खोपट गप्प. एके दिवशी पागेच्या जमादारानं त्याला पांढरा घोडा फिरवून आणायला सांगितलं. नवसूनं घोडा शिरपामाळापर्यंत न्यायचा, तो पुढं नेला, मग आणखी पुढं, आणि भानावर आला तेव्हा मंगळूच्या पाड्याखालच्या रानात पोचला होता. तिथं मात्र पाय अडले. वर जाऊन म्हणायचं काय? 'जा' तर त्यानंच म्हटलं होतं. त्यानं घोडा ऐनाच्या झाडाला बांधला आणि बुंध्याशी बसून राहिला.

वरच्या अंगाला, झऱ्यावर, हौशी हंडा भरून बसली होती. तिच्याही मनात होतं, की आज खाली वाटेपर्यंत जावं, सहज, लाकडं बघायला. पण पाय निघेना. कोंबडी तिची होती. त्यानंच यायला हवं.

आणि मधल्या रानात कुणीतरी शीळ घातली. "टी… टी… टूऽ."

हौशी ताडकन उठली. हे तीन सूर या डोंगरात तिच्याखेरीज एकाच माणसाच्या गळ्यात होते. आला! बोलावतोय! हंडा तिथंच टाकून ती उतारावरून सुटली.

खाली नवसूनंही ऐकलं. त्याचेच सूर, त्यानं न काढलेले, वरून येत होते. हौशी ते शिकली होती त्याच्याकडूनच, म्हणजे तीच! राग गेला! तो चढावर धावत सुटला, काटे बघितले नाहीत, दगड बघितले नाहीत.

करवंदीच्या जाळीला वळसा घालताना दोघं एकमेकांवर अशी आदळली, की दोघंही बसली.

"आलास ना शेवटी?" हौशी धापा टाकत म्हणाली. "बोलवायला आधी काय झालं होतं?"

"मी? तू बोलावलंस!"

"मी कशाला बोलवीन? शीळ तू घातलीस."

"मी घोड्यापाशी गप बसलो होतो, हौशे. घोड्याला विचार."

तेवढ्यात डोक्यावरच्या फांदीवरून आवाज आला: "टी… टी… टूऽ." वर बघतात तर काळाभोर कोतवाल, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला दोन पिसं लोंबतायत. हे पाखरू ऐकेल ते उचलतं, मांजराचं म्यावही सोडत नाही. सरावाच्या दिवसांत हौशीनं कातळावर बसून काय काय म्हटलं होतं, ते त्यानं निवांत ऐकून ठेवलेलं. तीन सूर झाले, मग बुलबुल झाला, मग शिक्रा, आणि शेवटी, पिसं फुलवून, त्यानं हौशीचं हसणं काढलं. हुबेहूब. मधला श्वास घेतानाचा हुंदक्यासारखा खर्रर्रसुद्धा.

हौशी 'आ' करून ऐकत राहिली. "मी अशी हसते?"

"अशीच हसतेस," नवसू म्हणाला. "जरा मोठ्यानं."

मग जे झालं त्यात कोण आधी हसलं आणि कोण नंतर, हे सांगता यायचं नाही. वर कोतवाल, खाली ही दोघं. रानात तीन हौशा हसत होत्या. हसता हसताच नवसू म्हणाला, "कोंबडी सापडली. जमादाराच्या माळ्यावर बसली होती. मी रोज दाणे टाकतो. माझ्याकडं बघत नाय." आणि हौशी म्हणाली, "माझ्याकडं बघंल."

पाड्यात रामीनं लेकीचं हसणं ऐकलं आणि हातातली परात सोडून दिली. "अवो, उठा! हसली!" दोघं धावत खाली आली. कोतवालाची हकीकत ऐकल्यावर मंगळूचे डोळे चमकले. हे ऐकेल ते शिकतं, म्हणजे त्याला मध दाखवणाऱ्या पाखराची बोली शिकवली तर? रामीनं त्याला दंडाला धरून घरी नेलं, तरी तो मागे वळून वळून फांदीकडे बघत होता.

परतताना ऊन उतरलं होतं. हौशीच्या पायात काटा मोडला होता, म्हणून नवसूनं तिला घोड्यावर बसवलं. ती जन्मात कधी घोड्यावर बसली नव्हती. घोडा चालायला लागला आणि तिनं त्याच्या मानेला अशी मिठी मारली, की घोड्याला वाटलं, पळायचं आहे. तो दुडक्या चालीनं निघाला. "थांबव! थांबव रे!" ती किंचाळत होती आणि हसत होती. नवसू लगाम धरून बाजूनं धावत होता आणि हसण्यापायी त्याला ओढायला जोर येत नव्हता.

अशी वरात शिरपामाळावरून जव्हारात शिरली. नाक्यावरच्या शिपायानं लांबून सरकारी पांढरा घोडा बघितला, वर कुणी बाईमाणूस बघितलं, आणि खाडकन उभा राहून मुजरा केला. हौशीनं काय करावं कळेना, म्हणून तिनंही एक हात सोडून मुजरा केला, आणि घसरायला लागली. मुजरा करणाऱ्या शिपायानंच धावत येऊन तिला सावरलं. मग त्याला कळलं, ही करवंदंवाली. तोवर अर्धा बाजार जमला होता.

पागेच्या दारात जमादार कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं घोड्याकडे बघितलं, घामाघूम नवसूकडे बघितलं, घोड्याच्या मानेत तोंड खुपसून हसणाऱ्या हौशीकडे बघितलं.

"उतर खाली," तो म्हणाला.

"उतरता येत नाय," हौशी म्हणाली. "चढवणाऱ्याला सांगा."

जमादारानं नवसूला सगळ्या पागेची लीद एकट्यानं काढायची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौशी पदर खोचून फावडं घेऊन मदतीला आली. पण घोड्यावर बसून तिची कंबर अशी धरली होती, की वाकली की सरळ होईना आणि सरळ झाली की वाकता येईना. म्हणून ती तांबडी कोंबडी काखेत घेऊन दाण्याच्या पेटीवर बसली, आणि कुठल्या कोपऱ्यात राहिलं ते बोटानं दाखवत राहिली.